फाट्यापासून वस्तीपर्यंत

बीडहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्याला नकाशा लागत नाही. बायपासवर गाडी घातली की पाडळसिंगी, गढी, गेवराई, शहागड अशी गावे मागे पडत जातात आणि महामार्ग आपल्याला नेऊन सोडतो. सोलापूरकडेही तेच. मांजरसुंब्याचा घाट चढला, चौसाळा गेले की पुढे विचारण्यासारखे फारसे उरत नाही. या जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याची खरी अडचण फाट्यावर सुरू होते. डांबरी सोडून आत वळले की पाच-सात किलोमीटरवर कुठेतरी एक वस्ती असते, एखादा तांडा असतो, मळ्यातले घर असते. तिथे रस्त्याला नाव नसते, घराला नंबर नसतो आणि दिवस मावळल्यावर विचारायला माणूसही भेटत नाही. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १० हजार ६९३ चौरस किलोमीटर, तालुके ११ आणि गावे तेराशेहून अधिक. वस्त्या आणि तांडे त्याहून वेगळे. रेल्वे बीड शहरात पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे आत्ता आत्ता. दवाखाना, बाजार, सोयरीक, कोर्टाची तारीख, सगळे आजवर रस्त्यानेच होत आले आहे. म्हणून गाडीसाठी नेव्हिगेशनचे साधन निवडताना स्क्रीन किती इंची आहे, त्यात गाणी वाजतात का, मागचा कॅमेरा जोडता येतो का, हे प्रश्न मला दुय्यम वाटतात. ते साधन फाट्यापासून वस्तीपर्यंत किती कामाला येते, ही एकच कसोटी लावावी. ती लावली की दुकानातल्या निम्म्या वस्तू आपोआप बाजूला पडतात.

कसोटी लावण्याआधी या साधनाच्या पोटात काय चालते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक चुकीच्या खरेद्या इथल्या गोंधळातून होतात. नेव्हिगेशनमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. आपण कुठे आहोत हे कळणे ही पहिली आणि तिथून कुठे कसे जायचे हे कळणे ही दुसरी. पहिले काम उपग्रह करतात. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. आपल्या हातातला संच ते फक्त ऐकतो, किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. त्याला सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज लागत नाही, टॉवर लागत नाही. बालाघाटाच्या कुशीत मोबाइलची एकही काडी दिसत नसली तरी उपग्रह ऐकू येतच असतात. फरक एवढाच की नेटवर्क असले की कोणते उपग्रह कुठे आहेत याची यादी फोनला आयती मिळते आणि जागा चटकन सापडते. नसले तर ती यादी उपग्रहाकडूनच ऐकावी लागते आणि अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटे लागतात. दुसरे काम नकाशाचे. तो मात्र कोणीतरी माणसाने किंवा कंपनीने बनवलेला असतो, कुठेतरी साठवलेला असतो आणि जुना होत असतो. नेटवर्क गेल्यावर ‘जीपीएस गेले’ असे आपण म्हणतो, पण त्या वेळी गेलेला असतो तो नकाशा. ही एक गोष्ट पक्की केली तर पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

‘जीपीएस बसवले आहे’ हे वाक्यही फसवे आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचे झाले. ते यंत्र गाडी कुठे आहे हे मालकाला आणि यंत्रणेला सांगते. चालकाने कुठे वळायचे ते सांगत नाही. जुनी जीप किंवा टॅक्सी घेताना विकणाऱ्याने ‘जीपीएस आहे’ म्हटले तर नेमके कोणते, हे विचारून घ्यावे.

आता काचेला चिकटवायच्या स्वतंत्र खोक्याचा विचार करू. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत चुकणारे यंत्र एकदम दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झाले. त्यानंतर गार्मिन, टॉमटॉम यांचे संच जगभर खपले. आपल्याकडे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मॅपमायइंडियानेही असे संच काढले. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने फोनवर वळणावळणाला सांगणारे नेव्हिगेशन मोफत जाहीर केले आणि या खोक्यांची उतरण सुरू झाली. तरीही अनेकांच्या मनात या खोक्याविषयी ओढ आहे, आणि तिला कारण आहे. त्यात नकाशा आतच भरलेला असतो, म्हणून नेटवर्क नसले तरी तो चालतो. फोन आला म्हणून नकाशा झाकला जात नाही. बॅटरी मोबाइलची जळत नाही. हे सगळे खरे आहे. पण खोका विकत घेतला त्या दिवसापासून त्यातला नकाशा शिळा व्हायला लागतो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि सोलापूर-धुळे रस्ता २११ चा ५२ झाला. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, पुढच्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो बीड जिल्ह्यातून जात नाही, पण नागपूरला निघालेला बीडकर आता जालन्याला त्याच्यावर चढतो. नकाशा अद्ययावत न केलेल्या जुन्या संचाला हा ७०१ किलोमीटरचा रस्ता माहीतच नाही. गाडी समृद्धीवर असताना तो ती शेतातून चालल्याचे दाखवील. ज्या जिल्ह्यात नवे पूल, नवे बायपास आणि महामार्गांची रुंदीकरणे अजून चालू आहेत, तिथे न बदलणारा नकाशा पैसे देऊन घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीतच बसवून आलेल्या स्क्रीनबद्दल गैरसमज जास्त आहे. शोरूममध्ये डॅशबोर्डवर मोठा टचस्क्रीन दिसला की नेव्हिगेशन आले असे घेणारा धरून चालतो. पुष्कळ गाड्यांत, विशेषतः खालच्या मॉडेलमध्ये, त्या स्क्रीनला स्वतःचा नकाशा नसतो. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेने फोन जोडला की फोनमधला नकाशा तिथे मोठा दिसतो. म्हणजे उपग्रह ऐकण्यापासून मार्ग काढण्यापर्यंत बहुतेक डोके फोनचेच असते. स्क्रीन हा आरसा. मोठे दिसणे ही काही लहान सोय नाही, नजर रस्त्यावरून कमी हटते. तेवढ्यासाठी ती स्क्रीन चांगलीच आहे. पण तिच्यासाठी वरचे मॉडेल घेऊन जास्तीचे पैसे मोजताना, जे साधन खिशात आधीच आहे त्याचेच चित्र आपण विकत घेतो आहोत, हे माहीत असावे. गाडीला स्वतःचा नकाशा असेल तर तो किती वर्षे मोफत बदलून मिळणार आणि त्यासाठी शोरूमला जावे लागणार का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

उरतो फोन, आणि माझ्या मते बीडच्या रोजच्या गाडीला तोच योग्य. त्यावर पहिला आक्षेप येतो तो रेंजचा. पाटोद्याच्या डोंगरात, धारूरच्या घाटात, नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूला नेटवर्क नसले तर फोनचा काय उपयोग? उत्तर वर आलेच आहे, जागा कळायला नेटवर्क लागत नाही. नकाशा मात्र घरून निघण्याआधी उतरवून ठेवावा लागतो. गूगल मॅप्समध्ये हवा तो प्रदेश निवडून तो डाउनलोड करता येतो. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही दोन ॲप तर मुळातच नेटशिवाय चालण्यासाठी बनवलेली आहेत. त्यांचा नकाशा २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या प्रकल्पाचा आहे. इथे एक बारीकशी खुंटी आहे, जी खेड्यातल्या माणसालाच अडकते. गूगल मॅप्समध्ये उतरवलेला नकाशा काही काळाने कालबाह्य होतो आणि त्याआधी ॲप तो स्वतःहून ताजा करू पाहते, पण वाय-फाय मिळाले तरच. ज्या घरात वाय-फाय नाही, फक्त मोबाइल डेटा आहे, तिथे हे कधीच होत नाही आणि ऐन वेळी नकाशा गायब दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटावरही नकाशा उतरू द्यावा असे एकदा सांगून ठेवले की काम झाले. नेट नसताना वाहतुकीची स्थिती आणि पर्यायी मार्ग दिसत नाहीत. शहराबाहेर आपल्याला त्याची फारशी उणीवही भासत नाही, कारण रस्ता लाल की हिरवा हे त्या रस्त्यावरून चाललेल्या फोनांच्या वेगावरून ठरते आणि आडरस्त्यावर दिवसभरात तेवढे फोन जातच नाहीत.

नावांचा घोळ हा त्यापेक्षा कठीण विषय आहे, आणि साधन कितीही महाग घेतले तरी तो सुटत नाही. ‘शिरूर’ असे टाकले तर यंत्राने कुठले समजावे? आपल्या जिल्ह्यातले शिरूर कासार, पुण्याजवळचे घोडनदीचे शिरूर, लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ की शिरूर ताजबंद? आष्टी आपल्या जिल्ह्यात तालुक्याचे गाव, वर्धा जिल्ह्यातही तालुक्याचेच. शिवाय जालन्यात आहे, गडचिरोलीत आहे. पिंपळनेर बीड तालुक्यात आहे आणि धुळे जिल्ह्यातही. इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा आणखी निराळी. केज दोन प्रकारे लिहिले जाते, गेवराईचे सरकारी स्पेलिंग उच्चाराशी जुळत नाही, अंबाजोगाई आणि अंबेजोगाई असे दोन्ही पाट्यांवर दिसते. नाव देवनागरीत टाकून आणि पुढे तालुका लिहून बरेचसे घोटाळे टळतात. वस्तीला मात्र तोही इलाज नाही. तिचे नाव तिथल्या आडनावावरून पडलेले असते, शेजारच्या गावात त्याच आडनावाची दुसरी वस्ती असते आणि नकाशात दोन्ही नसतात. म्हणून बोलावणाऱ्याने नावाऐवजी जागाच पाठवावी. व्हॉट्सॲपवरून लोकेशन पाठवण्याची रीत आता लग्नपत्रिकेपर्यंत पोहोचली आहे आणि ती उत्तम आहे. पण ती लिंक उघडायला नेट लागते, तेव्हा पाहुण्याने निघण्याआधी ती उघडून जागा साठवून घ्यावी. टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी जाहीर केलेला डिजीपिनही याच गरजेतून आला आहे. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीने देशाची जमीन सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेतांक दिला आहे. मळ्यातल्या ज्या घराला आजवर ‘अमक्याच्या विहिरीपासून डावीकडे’ हाच पत्ता होता, त्यालाही त्यामुळे पत्ता मिळतो. रात्री आजारी माणसाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यायला रुग्णवाहिका बोलवावी लागते तेव्हा अशा पत्त्याची किंमत कळते.

फोनवरचा सर्वांत गंभीर आक्षेप जिवाचा आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पुण्याची एक गाडी रात्री नकाशा पाहत पुलाकडे गेली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. दोघे पोहून बाहेर आले, चालकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. नकाशात पूल अखंड होता आणि पुलाच्या तोंडावर पुरेसा अडथळाही नव्हता. या घटना सांगून काही जण नकाशाच नको म्हणतात. त्यांची भीती मला रास्त वाटते, निष्कर्ष पटत नाही. यंत्राला रस्ता ही एक रेघ दिसते. त्या रेघेवर सरासरी वेग किती धरायचा एवढे त्याला माहीत असते; रेघ डांबरी आहे की मुरमाची, पाणंद आहे की शिवरस्ता, तिच्यावर नळकांडी पूल आहे का आणि तो पावसात बुडतो का, हे बहुधा माहीत नसते. दोन किलोमीटर वाचतात म्हणून ते गाडीवाटेने न्यायला तयार होते. गूगलने जुलै २०२४ मध्ये भारतात चारचाकीला अरुंद रस्ते टाळून मार्ग सुचवण्याची सोय जाहीर केली तेव्हा सुरुवातीच्या आठ शहरांत हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, कोइम्बतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर आणि गुवाहाटी होती. महाराष्ट्रातले एकही शहर त्यात नव्हते, मग वडवणी आणि पाटोदा कुठून असणार? ही साधने महानगरासाठी घडतात आणि मग आपल्याकडे येतात, हे ध्यानात ठेवून ती वापरावीत. सप्टेंबर २०२५ च्या पुरात गोदाकाठची आणि सिंदफणेकाठची गावे पाण्यात होती. त्या दिवसांत कुठलाही नकाशा पुलावरचे पाणी दाखवू शकत नव्हता. पाऊसकाळात फरशी पुलाशी थांबायचे आणि पाण्याचा अंदाज येत नसेल तर मागे फिरायचे, हे चालकानेच ठरवायचे असते. ऊसतोडीच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे लाल दिवा नसताना पुढे उभा असतो. तोही नकाशात नसतो. म्हणून यंत्राचे ऐकायचे ते कुठे वळायचे याबाबत. जावे की नाही याबाबत नव्हे.

जाणकार आणखी एक मुद्दा काढतात, की आपल्याकडे माणसे विचारली की रस्ता सांगतात, यंत्र कशाला हवे? सांगतात, आणि पुष्कळदा यंत्रापेक्षा बरोबर सांगतात. आत पूल वाहून गेला आहे, पुढे गिट्टी टाकून ठेवली आहे, ही माहिती फाट्यावरचा हॉटेलवालाच देऊ शकतो. पण रात्री अकराला फाट्यावर हॉटेल उघडे नसते. एकट्या गाडी चालवणाऱ्या बाईने अंधारात काच खाली करून अनोळखी माणसाला विचारावे, असे तिला कोणी सांगू नये. जनावरांचा डॉक्टर, पार्सल पोहोचवणारा मुलगा, मयताला निघालेले पुण्यातले नातेवाईक, यांना दर वळणावर थांबणे परवडत नाही. नकाशाने फाट्यापर्यंत न्यावे, फाट्यावर माणूस दिसला तर विचारावे आणि आत वळल्यावर निळा ठिपका गावाकडे सरकतो आहे ना एवढे पाहत जावे. दोन्हींचा मेळ घालणारा चालक सहसा चुकत नाही.

फोनच ठेवायचा ठरले तर पैसे कुठे घालायचे? काचेला किंवा डॅशबोर्डला घट्ट बसणाऱ्या स्टँडवर, चांगल्या चार्जरवर आणि जाड वायरवर. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि काचेमागच्या उन्हात तापलेला फोन स्वतःच स्क्रीन मंद करतो किंवा बंद पडतो. म्हणून उन्हाळ्यात तो एसीच्या जाळीपाशी लावलेला बरा. धारूरच्या घाटासारख्या अरुंद, तीव्र वळणांच्या रस्त्यावर फोन स्टँडमधून निसटून पायाशी पडला तर तो उचलायचा मोह जीवघेणा ठरतो. हातात धरून तर तो कधीच पाहू नये. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना फोनचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. ठिकाण निघण्याआधी टाकावे, आवाज आपल्याला चटकन कळणाऱ्या भाषेत ठेवावा आणि स्क्रीनकडे पाहण्यापेक्षा ऐकत जावे.

निर्णय घेण्याआधी एक परीक्षा मात्र प्रत्येकाने आपल्याच भागात घ्यावी, मग साधन खोका असो, गाडीची स्क्रीन असो की फोन. दिवसाउजेडी, आपल्याला पाठ असलेल्या रस्त्यावर निघावे आणि मोबाइल डेटा बंद करावा. मामाच्या गावाचे नाव देवनागरीत टाकावे आणि यंत्र शेजारच्या जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावाला निघते का ते पाहावे. मग नातेवाइकाच्या वस्तीची साठवलेली जागा उघडून तिकडे न्यायला सांगावे आणि ते कुठल्या फाट्यावर आत वळायला लावते, डांबरीने नेते की पाणंदीने, हे पाहत जावे. वाटेत मुद्दाम एक वळण चुकवावे. काही क्षणांत त्याने नवा रस्ता काढला आणि त्या रस्त्याने गाडी वस्तीच्या अंगणात जाऊन उभी राहिली, तर ते साधन आपल्या कामाचे. आणि वाटेत एखादा पूल, एखादा फाटा नकाशात नसलेला आढळला, तर घरी परतल्यावर ॲपमधून त्याची दुरुस्ती सुचवावी. पुढच्या पावसाळ्यात त्या रस्त्याने येणाऱ्या परक्या गाडीला ती कामी येईल.